औंधच्या डोंगरावरचा ठेवा

साताऱ्याच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. पावसाने पाठ फिरवलेल्या या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आजूबाजूला आहेत. गावाच्या माथ्यावर यमाईचा डोंगर आणि त्या डोंगराच्या चढणीवर श्री भवानी चित्रसंग्रहालय. देवीच्या दर्शनाला निघालेला भाविक वाटेत सहज म्हणून आत डोकावतो आणि राजा रविवर्मा, महादेव विश्वनाथ धुरंधर, पहाडी आणि मोगल शैलीतील लघुचित्रे, पाश्चात्त्य चित्रकारांच्या कृतींच्या नकला, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम यांच्या दालनांतून फिरत एका दगडी शिल्पापुढे येऊन उभा राहतो. ‘माता आणि बालक’ या नावाने ओळखले जाणारे हे शिल्प ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे आहे. ज्यांच्या कृती लंडन आणि न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात, त्या मूर यांचे मूळ शिल्प माणदेशाच्या उंबरठ्यावरील एका खेड्यात आहे, हे अनेक कलाप्रेमी पुणेकरांनाही ठाऊक नसते.

हा ठेवा येथे जमवणारे औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे प्रचारक, कीर्तनकार राजे, महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेला सत्ता देणारे संस्थानिक अशा नात्यांनी त्यांचे नाव अधूनमधून घेतले जाते. संग्राहक म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील बहुतेक गोष्टींचे सूत्र याच वृत्तीत सापडते. मोलाचे जे जे दिसेल ते आपल्या लहानशा संस्थानात आणावे, जपावे आणि आपल्या माणसांना दाखवावे, असा त्यांचा ध्यास होता.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या वेढ्याच्या धामधुमीत निर्माण झाले. पुढे ते कोरेगाव तालुक्यातील किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. अष्टप्रधानांहूनही वरचा मान असलेले हे पद पेशव्यांच्या उत्कर्षाबरोबर निस्तेज होत गेले आणि इंग्रजी अमलात औंधचे एक छोटे संस्थान तेवढे उरले. क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल, गावे ७२ आणि वस्ती एक लाखाच्याही आत. तीही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने पसरलेली. आजच्या नकाशात पाहायचे तर औंध सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी, कुंडल सांगली जिल्ह्यात येतात.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८चा. श्रीनिवासरावांचे ते धाकटे पुत्र, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी.ए. झाले. संस्थानिकांच्या मुलांनी विद्यापीठाची पदवी मिळवण्याची रीत तेव्हा फारशी नव्हती. त्यानंतर वडिलांच्या कारभारात त्यांनी काही वर्षे सचिवाचे काम पाहिले. १९०१ मध्ये वडील गेले, मग थोरले बंधू आणि त्यांच्यामागून पुतण्या गादीवर आला. पुतण्याला इंग्रज सरकारने दूर केल्यावर ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी बाळासाहेब राजे झाले. हा विलंब त्यांच्या पथ्यावरच पडला असे म्हणावे लागेल. राजपद मिळण्याआधीच त्यांचे छंद पक्के झाले होते. चित्रे काढणे, चित्रे पाहणे, पुराणे वाचणे आणि कीर्तन करणे हे विरंगुळ्याचे विषय नव्हते, तर त्यांच्या दिनक्रमाचा भाग होते.

गादीवर आल्यानंतर चारच महिन्यांत त्यांच्यापुढे एक प्रकरण आले. बेळगावात लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील नगरपालिकेच्या निर्णयामुळे आपले बिऱ्हाड हलवावे लागत होते. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला यमाईच्या मंडपाच्या कामात गुंतले होते. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन त्यांना देऊ केली आणि भांडवलालाही हात दिला. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. मार्च १९१०मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली आणि पुढे स्टेशनाचे नावही बदलले. औद्योगिक वसाहत हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिकाचा आरंभ झाला आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. १९१६ साली कऱ्हाडजवळ, संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंच्या काच कारखान्यालाही असाच आसरा मिळाला. खेड्यापाड्यांत ज्याच्या उजेडात मुलांनी अभ्यास केला तो प्रभाकर कंदील त्याच ओगलेवाडीचा. वेदांचे भाष्यकार आणि व्यवसायाने चित्रकार असलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये लाहोर सोडून औंधला आले ते तीस वर्षे तेथेच राहिले. साने गुरुजीही विद्यार्थिदशेत शिक्षणासाठी काही काळ औंधला होते. एवढ्याशा गावाच्या नावावर इतकी नावे जमा होतात ती योगायोगाने नव्हे.

बाळासाहेबांचे स्वतःचे पहिले मोठे चित्रकार्य म्हणजे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘चित्र रामायण’. रामकथेतील प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले आणि त्यांचा ग्रंथ छापून घेतला. त्यांच्या रेषेचे मूल्यमापन कठोरपणे केले तर ते श्रेष्ठ चित्रकारांत मोडत नाहीत. रचनेत ठोकळेबाजपणा आहे आणि चेहऱ्यांवरचे भाव नाटकी वाटतात. परंतु या चित्रांमागे एक प्रश्न होता आणि तो त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. राम, सीता, द्रौपदी आणि कृष्ण यांनी नेसायचे काय? रविवर्म्यांच्या तैलचित्रांनी आणि त्यांच्या शिळाछापांनी घरोघरी ज्या देवदेवता पोचवल्या, त्यांच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातील जरीकाठी लुगडी आणि दागिने होते. रंगभूमीने तेच उचलले आणि पुढे सिनेमानेही तेच केले. बाळासाहेब रविवर्म्यांचे चाहते होते, त्यांची चित्रे संग्रही बाळगून होते. तरीही प्राचीन भारतातील माणसे खरोखर कशी दिसत, त्यांची वस्त्रे, केशरचना, रथ, आसने कशी असत, याचा पुरावा जुन्या लेण्यांत आणि शिल्पांत शोधला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. हा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

त्यातूनच महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ झाला. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले होते. पुढच्याच वर्षी बाळासाहेबांनी महाभारताची शास्त्रशुद्ध आणि सचित्र आवृत्ती काढावी अशी सूचना केली आणि वार्षिक अनुदानाच्या रूपाने एकूण एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. काही लाखांच्या घरात उत्पन्न असलेल्या संस्थानिकाने दिलेला हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे संपादनाची सूत्रे आली आणि कामाला खरी दिशा लाभली.

संग्रह आणि मूल्य या विषयाच्या दृष्टीने महाभारताचे हे काम विलक्षण बोधक आहे. देशभरातून हस्तलिखिते गोळा करण्यात आली आणि एकूण १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. शारदा, देवनागरी, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्या त्यांत होत्या. कोणते हस्तलिखित मोलाचे, हे त्याच्या सोनेरी वेलबुट्टीवरून किंवा सुवाच्य अक्षरावरून ठरत नव्हते. त्याचा पाठ कोणत्या कुळातून आला आणि त्यात मागाहून घातलेली भर किती कमी, यावर त्याची प्रत लागत होती. आदिपर्वासाठी सुकथनकरांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला सर्वाधिक वजन दिले. दिसायला अगदी साधे असलेले एखादे भूर्जपत्र राजदरबारातील सचित्र पोथीपेक्षा श्रेष्ठ ठरू शकते, हे मराठी वाचकाला या प्रकल्पाने दाखवून दिले. या आवृत्तीच्या खंडांत बाळासाहेबांची चित्रेही समाविष्ट झाली आणि प्राचीन नमुन्यांवरून ती काढल्याचा उल्लेख मुखपृष्ठाच्या आतील पानावर करण्यात आला. पाठशुद्धीचे काम करणाऱ्या विद्वानांना राजेसाहेबांच्या चित्रांबद्दल मनातून काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. पण त्यांचाही शोध मूळ रूपाचाच होता. एक जण शब्दांतून तिकडे जात होता, दुसरा वस्त्रांतून.

या शोधासाठी ते वेरूळ आणि अजिंठ्याला गेले. वेरूळवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील १९३२ मध्ये मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाने काढले. चित्रकारांना बरोबर घेऊन त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. आज रंगीत छपाईच्या आणि भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याच्या जमान्यात प्रतिकृती हा शब्द जरा हलका वाटतो. त्या काळी तसे नव्हते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवल्या, त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आदी बंगाली चित्रकारांनी तिसरा प्रयत्न केला. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ आणून मूळ चित्रांची दुरुस्ती करवली खरी, पण त्यांनी चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडून चित्रे झाकोळली. मूळ चित्र असे दिवसेंदिवस मावळत असताना काळजीपूर्वक केलेली प्रत हाच पुष्कळदा एकमेव साक्षीदार उरतो. औंधच्या संग्रहातील प्रतिकृतींकडे या दृष्टीने पाहायला हवे.

संग्रहालयाची इमारत १९३८ मध्ये पूर्ण झाली. राजवाड्यात निवडक पाहुण्यांना दाखवण्याजोगा संग्रह असणारे संस्थानिक तेव्हा पुष्कळ होते. त्यांचे अनुकरण करून बाळासाहेबांना वाड्यातच दालन करता आले असते. त्यांनी जागा निवडली ती यमाईच्या वाटेवरची. देवीला येणारा शेतकरी, धनगर, बाया-बापड्या यांच्या पायाखालच्या रस्त्यावर त्यांनी चित्रशाळा आणि ग्रंथालय बांधले आणि चित्रांवर दिवसाचा नैसर्गिक उजेड पडेल अशी योजना केली. विजेच्या दिव्यांची चैन खेड्यात परवडण्यासारखी नव्हती आणि चित्राचे खरे रंग पाहायला सूर्यप्रकाशासारखा प्रकाश नाही, ही दोन्ही कारणे त्यात आली. पाश्चात्त्य चित्रांच्या नकला तेथे का, असा प्रश्न कलेचा आधुनिक अभ्यासक विचारतो आणि थोडे नाकही मुरडतो. उत्तर साधे आहे. औंधचा माणूस युरोपला जाणार नव्हता, म्हणून युरोपातील चित्र जसे जमेल तसे औंधला आणले गेले. अस्सल आणि नक्कल यांची सरमिसळ बाजाराच्या दृष्टीने संग्रहाचा भाव उतरवणारी असेल. शाळेच्या दृष्टीने ती उपकारकच होती. संस्थानातील पाथरवटांकडून त्यांनी सहा ऋतूंची शिल्पेही घडवून घेतली. घाटी आणि वरवंटे टाकणाऱ्या हातांना संगमरवर मिळाला तर ते काय करू शकतात, हे ती शिल्पे पाहिल्यावर कळते.

संग्रहाची किंमत ठरते कशी, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो. दुर्मीळ वस्तू गोळा करणाऱ्यांच्या जगात याचे काही ठरलेले हिशेब आहेत. बाळासाहेब चित्रशाळा उभारत होते त्याच दशकात जर्मनीत लायका आणि काँटॅक्स हे रेंजफाइंडर कॅमेरे भरात आले होते. त्या कॅमेऱ्यांची जुनी भिंगे जमवणारे हौशी लोक आज जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. भिंगावर ओरखडा आहे का, आत बुरशी धरली आहे का, कड्यावरचा क्रमांक कोणत्या सालचा, अशी त्यांची परीक्षा चालते. लायट्झ कंपनीने १९३५ मध्ये काढलेले थंबार नावाचे भिंग सुमारे तीन हजारच बनले. चेहऱ्यांना मऊ, धूसर छटा देणाऱ्या या भिंगासोबत मधोमध ठिपका असलेला एक काचेचा फिल्टर येत असे. तो ठिपक्याचा तुकडा हरवलेला असेल तर भिंगाचा भाव एकदम खाली येतो, कारण संच अपुरा राहतो. दुसरा हिशेब वस्तू कोणाच्या हातातून गेली याचा. २०२२ च्या जून महिन्यात, लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांनी स्वतः वापरलेला एक प्रारंभीचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्याच मालिकेतील दुसऱ्या कॅमेऱ्यांना असा भाव आला नव्हता. बार्नाक यांचे नाव कोरले होते म्हणून तो आला.

हे दोन्ही हिशेब औंधला लावून पाहण्यासारखे आहेत. एकट्या मूर यांच्या शिल्पाला जागतिक बाजारात काय किंमत येईल याची अटकळ अनेकांनी बांधली असेल. रविवर्म्यांच्या चित्रांचे भाव तर वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. पण औंधच्या दालनांतून एक-एक नग उचलून त्यांची बेरीज केली, तर त्या बेरजेत डोंगर येत नाही, यात्रा येत नाही आणि ऋतूंची शिल्पे घडवणारे पाथरवटही येत नाहीत. अजिंठ्याची प्रतिकृती महाभारताच्या चित्रापासून तोडली तर ती एक जुनी नक्कल उरते. दोन्ही शेजारी असतात तेव्हाच प्राचीन वस्त्रांचा शोध घेत निघालेल्या एका माणसाची वाट त्यांतून दिसू लागते. संच पुरा असण्याला जे मोल भिंगांच्या बाजारात आहे, ते येथे शतपटीने लागू पडते.

आता दुसरी बाजू. आटपाडी आणि औंध हा अवर्षणाचा मुलूख आहे. दुष्काळ पडला की माणसे आणि मेंढरे जगायला देशोधडीला लागायची. अशा संस्थानच्या राजाने चित्रांवर, शिल्पांवर आणि ग्रंथांवर पैसा खर्च करावा का? हा आक्षेप बाहेरच्यांनी घेण्याची गरज नाही, तो गोष्टीतच आहे. चित्रांऐवजी विहिरी का खोदल्या नाहीत, असे आज कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येणार नाही. बाळासाहेबांच्या बाजूने इतके म्हणता येते की, घेतलेली वस्तू त्यांनी आपल्या दिवाणखान्यात डांबून ठेवली नाही आणि त्यांच्याच मदतीने माळरानावर नांगरांचा व काचेचा कारखाना उभा राहून शेकडो हातांना काम मिळाले. त्यांच्या काही हौशी प्रजेला सक्तीच्याही वाटल्या असतील. सूर्यनमस्कारांचेच पाहा. स्वतः राजे रोज पहाटे नमस्कार घालीत, शाळांतून मुलामुलींकडून घालून घेत. त्यावर त्यांनी पुस्तके लिहिली, १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. आज जगभर योगवर्गांत जो सूर्यनमस्कार घातला जातो त्याच्या प्रसारात औंधच्या या राजाचा वाटा मोठा आहे, पण थंडीत पहाटे उठवल्या गेलेल्या तेव्हाच्या शाळकरी पोरांनी त्यांना दुवा दिला असेल असे वाटत नाही! साहित्यविश्वातही त्यांचा मान होता. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

संग्रहालय पूर्ण झाले त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी जमवलेली सर्वांत मोठी वस्तू सोडून दिली. ती म्हणजे सत्ता. ऑक्सफर्डहून परतलेले त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात येऊन गांधीमार्गी झालेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नाने नोव्हेंबर १९३८ मध्ये राजांनी जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. सेवाग्रामला गांधीजींच्या सल्ल्याने घटनेचा आराखडा झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. ग्रामपंचायत हा पाया, त्यावर तालुका आणि त्यावर विधिमंडळ अशी ती रचना होती. महसुलाचा मोठा वाटा गावांच्या आणि तालुक्यांच्या हाती राहणार होता आणि राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा पडणार होती. गादीसाठी भाऊबंदकी करणाऱ्या संस्थानिकांच्या त्या काळात एका म्हाताऱ्या राजाने आपणहून ही मर्यादा पत्करली.

आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, तीही याच वाऱ्यातून. खुनाच्या गुन्ह्यातील कैदी कुंपणाविना शेती करीत राहिले. आटपाडी परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी ही कथा व्ही. शांताराम यांच्यापर्यंत नेली आणि १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. चित्रपट सर्वांना आठवतो, औंधचे नाव मात्र त्यासंगतीने क्वचितच निघते. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक मुख्य केंद्र कुंडल झाले, त्यालाही संस्थानी हद्दीचा आडोसा उपयोगी पडला. इंग्रजी पोलिसांना वाट्टेल तेव्हा त्या हद्दीत शिरता येत नव्हते. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना या गावातूनच उभी राहिली.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. औंध एका जिल्ह्यात राहिले, किर्लोस्करवाडी, कुंडल आणि आटपाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. सातवळेकर १९४८ मध्येच औंध सोडून गुजरातेतील पारडीला गेले. माणसे पांगली, कचेऱ्या उठल्या. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण होण्यास त्यानंतर आणखी पंधरा वर्षे लागली. ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिची कल्पना मांडणारे राजे हयात नव्हते आणि सुकथनकर तर १९४३ मध्येच गेले होते.

याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका थोर संग्राहकाचे उदाहरण शेजारी ठेवण्याजोगे आहे. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात ऐतिहासिक कागदपत्रे, नाना फडणविसांचे मेणवली दप्तर आणि जुनी चित्रे यांचा अपूर्व संग्रह केला. त्यांच्या हयातीत, १९२५ मध्ये, साताऱ्यात त्यासाठी संग्रहालयही उघडले. पुढच्याच वर्षी पारसनीस गेले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. अभ्यासकांची त्यामुळे सोय झाली, हे नाकारता येत नाही. पण साताऱ्याच्या माणसाला आपल्याच गावचा ठेवा पाहायला पुण्याची गाडी धरावी लागली. औंधचा संग्रह जागचा हलला नाही. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत फिरले, पण वडिलांचा संग्रह त्यांनी डोंगरावरच राहू दिला. संग्रहालय आता राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात आहे.

पौषात यमाईची यात्रा भरते. नारळ, भंडारा आणि पेढ्यांच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत, कडेवर पोर घेतलेल्या बाया डोंगर चढतात, वाटेत संग्रहालयाचे तिकीट काढतात आणि हेन्री मूर यांच्या आईपुढे घटकाभर उभ्या राहून पुढे देवीकडे जातात.